नकाशाबरहुकूम घर

आपलं घर आपल्याच हातानं बांधायचं, हे मी दाढी करता करता ठरवलं. (माझे सगळे मोठे निर्णय दाढी करतानाच होतात. हनुवटीवर एवढ्या खुणा उगाच नाहीत.) त्याच दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगूनही टाकलं.

साल एकोणीसशे एकोणसाठ. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि मी, केवलराम, तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशांच्या नकला काढत होतो. राहायला पत्र्याची बराक, माणसं सात आणि आरसा एक. लग्नाला आठ महिने झाले होते. त्यातले सात महिने नलू माहेरी, आमगावला. क्वार्टरच्या यादीत माझं नाव इतकं खाली होतं, की त्याच्या खाली फक्त साहेबांची सही होती. सासरे कृष्णराव यांचा निरोप स्पष्ट होता : "घर दाखवा, पोरगी आणून सोडतो. बराकीत माही नलू राहणार नाही." आणि खरं सांगतो, नलूवाचून मला अजिबात करमत नव्हतं. तिची पत्रं मी इतक्यांदा वाचली, की बराकीतल्या बाकीच्या सहा जणांना ती पाठ झाली होती.

जवळच्याच रुआबांधा गावातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं पडीत तुकडा वापरायला दिला. साल लाकडाचे खांब आणले. यंत्रं ज्या मोठमोठ्या खोक्यांतून येत, त्यांच्या फळ्या मिळवल्या. "अरे, सुतार बोलाव," असं जो तो म्हणाला. मी म्हणालो, "रोज भट्टीचे नकाशे काढतो आपण. दोन खोल्यांचं घर ते काय?"

ट्रेसिंग पेपरवर काळ्याभोर शाईनं नकाशा काढला. पूर्वेला दार, आग्नेयेला चूल, सगळं शास्त्राप्रमाणे. मग दोन महिने ड्यूटी सुटली की वासला आणि पटाशी घेऊन बसायचं. खांबांना खाचा पाडल्या, त्यांत तुळया बसवल्या, वर लाकडी खुंट्या ठोकल्या. (चार घाव खुंटीवर, एक अंगठ्यावर.) वाळवी लागू नये म्हणून खांब जमिनीत न पुरता दगडांवर उभे केले. छपरावर कवेलू, म्हणजे आपली कौलं, चढवले. मग मागं सरून घराला एक धक्का मारून पाहिला. पडलं नाही! मी इकडंतिकडं बघून त्याच्या खांबाला मिठीच मारली.

एकच गोष्ट जरा खटकत होती. सूर्य घराच्या मागं मावळायला हवा होता, तो बाजूच्या भिंतीकडं मावळायचा. पण दिवस उन्हाळ्याचे, आणि उन्हाळ्यात सूर्य सरकतो असं शाळेत शिकवलं होतं. किती सरकतो ते काही शिकवलं नव्हतं. मी आमगावला पत्र टाकलं.

रविवारी सकाळी कृष्णराव नलूला घेऊन आले. घरभरणीच्या जेवणाला भैयालालही आला होता. हा आमच्या कारखान्यातल्या खलाशांचा मुकादम. अवजड यंत्रं हलवणं हेच त्याचं काम. बोलावलं होतं त्याला एकट्याला, आला सोळा जणांची अख्खी गँग घेऊन. नलूनं घराकडं पाहिलं आणि पदरात तोंड लपवून हसली. माझा अंगठा दुखायचा थांबला.

कृष्णराव मात्र दारासमोर उभे राहिले. त्यांनी आधी आभाळाकडं पाहिलं, मग स्वतःच्या सावलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"जवाईबापू, दार कोणीकडं केलं म्हणता?"

"पूर्वेला, मामाजी."

"मंग सूर्य कावून तिकडून निंगून राहिला?"

"मामाजी, नकाशात पूर्वच आहे!" मी नकाशा पुढं केला.

भैयालालनं नकाशावरचा बाण पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अरे बाबू! ये तो प्लांट नॉर्थ है!"

आता तुम्हाला सांगायलाच हवं. कारखान्याच्या लांबलचक शेडी कागदावर सरळ बसाव्यात, म्हणून आमच्या ऑफिसात एक सोयीची उत्तर ठरवलेली होती. तिलाच प्लांट नॉर्थ म्हणत. खऱ्या उत्तरेशी तिचं नातं चुलत्याच्या साडूइतकंच. पण दिवसभर तोच बाण काढून काढून दुसरी एखादी उत्तर असते, हे मी साफ विसरलो होतो. भट्टीला ते चालतं. भट्टीला सासरा नसतो.

"दक्षिणेचं दार!" कृष्णराव कडाडले. "यमाच्या तोंडी पोरगी ठिऊन जाऊ काय मी? नलू, उचल ट्रंक. दोनची पॅसेंजर भेटते."

"मामाजी, नका हो नेऊ तिला!" मी सोळा खलाशांसमोर चक्क ओरडलो. नलू खाली बघत ट्रंकेची कडी चाळवत होती.

"रो मत, बाबू," भैयालाल म्हणाला. "इससे दस गुना भारी मशीन घुमाते हैं हम. ये तो खोखा है. घुमा देंगे."

झालं! गँगनं कवेलू उतरवले, पहारी लावून घर उचललं, खाली लोखंडी पाइप सारले. "जोर लगा के, हैय्या!" मी पुढं उभा राहून हातानं इशारे करत होतो. माझ्या इशाऱ्याबरहुकूम घर फिरलं आणि पश्चिमेला तोंड करून थांबलं. मग भैयालालनं मला हाताला धरून निंबाखाली नेऊन बसवलं. आता अर्धा फेरा उलटा. धोतराचा काचा मारून खुद्द कृष्णरावही ढकलायला लागले. मातीच्या चुलीचा चुरा झाला, एक तुळई करकरली. दोनची पॅसेंजर शिट्टी देऊन गेली, तरी हैय्या चालूच. चारच्या सुमारास दार एकदाचं पूर्वेला आलं. सगळे घामाघूम होऊन खाली बसले.

तेव्हा नलू उठली. भिंतीजवळ गेली आणि बोटानं फळीवर टकटक केलं.

"अवो, ह्या भिंती फळ्यायच्याच हायेत ना?"

"सगळ्या! मीच ठोकल्या!" मी ऐटीत म्हणालो.

"मंग पूर्वेकडच्या चार फळ्या काढून तिकडं दार बसवलं असतं, अन् दाराच्या जागी त्या फळ्या ठोकल्या असत्या, तं नसतं चाललं?"

भैयालाल हातातली पहार उगाच पुसत बसला. कृष्णरावांनी धोतराचा काचा सोडला.

"मग... मग सकाळीच का नाही बोललीस?" मी विचारलं.

"मले कोणं इचारलं? तुम्ही सारे हैय्या हैय्या करून राहिले होते."

कृष्णराव खाकरले. "बरं, झालं ते झालं. नलू, रातच्या गाडीनं येतं काय माह्यासंग, का राहतं?"

नलूनं माझ्याकडं पाहिलं, घराकडं पाहिलं, आणि ट्रंक उचलून सरळ दारातून आत नेऊन ठेवली.

"राहाच लागन, बावा," ती आतून म्हणाली. "यायले एकटं सोडलं, तं उद्या हे विहीर फिरवाले माणसं बोलावतीन."