सगळे बाजारात गेलेत

सोलापुरातल्या आमच्या बोळात कुठल्याही बंद घराबद्दल बसूअप्पांना विचारा, उत्तर एकच मिळतं : "बाजारात गेलेत की. येतील आता."

पहिल्या घरातले गुरुजी मुलाकडे नाशिकला राहायला गेले, त्याला सहा वर्षं झाली. समोरची पद्मा काकू लेकीकडे हैदराबादला गेली ती आलीच नाही. आम्ही पुण्याला गेलो, त्याला आठ वर्षं झाली. अप्पांच्या लेखी सगळे बाजारात आहेत.

बसूअप्पा बंद पडलेल्या गिरणीत हजेरी कारकून होते. समोर नसलेला माणूस हजर दाखवायची सवय तिथलीच, असं लोक चेष्टेनं म्हणत. गाव सोडताना जो तो किल्ली त्यांच्याकडे देऊन गेला. सगळ्या किल्ल्या सुतळीत ओवून ते कमरेला बांधतात, त्यामुळे अप्पा दिसण्याआधी ऐकू येतात. नळाला पाणी काही रोज येत नाही. ज्या दुपारी येतं, त्या दुपारी अप्पा बोळाच्या तोंडाशी उभे राहून मराठीत, कानडीत आणि तेलुगूत पाणी आल्याचं ओरडून सांगतात. मग एकेक बंद घर उघडून हौद भरतात, खिडक्या उघडतात, थोडा वेळ पंखे फिरवतात. घर गुदमरतं, असं त्यांचं म्हणणं.

मध्यंतरी एक बाई कागद घेऊन आली. जुन्या वस्तीत राहणं लोकांना कसं वाटतं, याची माहिती गोळा करत होती. अप्पांनी तिला बोळात चाळीस माणसं सांगितली. राहतात जेमतेम पंधरा. उरलेल्यांची मतंही त्यांनीच दिली. गटार वाईट, डास लई, शेजार एक नंबर. माझ्या आईचंही मत त्यांनी लिहून दिलं. तिला वारून तेव्हा तीन वर्षं झाली होती.

आईचं खरं मत मला माहीत होतं. तिला हा बोळ सोडायचा नव्हता. इथं एकीच्या फोडणीनं दुसरी शिंकायची आणि भिंतीपलीकडून विचारायची, आज काय केलंय. मी तिला पुण्यात सातव्या मजल्यावर नेलं. तिथं दार उघडं टाकून बसायची चोरी. ती तक्रार करायची नाही, आणि मीही ते सोयीचं मानून घेतलं.

गेल्या दिवाळीनंतर मी घर विकायला काढलं. अप्पांना सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. एजंटनं पाठवलेली तीन गिऱ्हाइकं दारातून परत गेली. शेवटी त्याचा फोन आला. घरात माणसं राहतात हे आधी सांगायचं ना साहेब, म्हणाला. शेजारचे आजोबा म्हणतात घरचे बाजारात गेलेत, आणि गच्चीवर धुणंही वाळतंय.

धुण्याचं मला कळेना. किल्ली परत घ्यायचीच, असं ठरवून मी तणतणत सोलापूर गाठलं. नेमका पाण्याचा दिवस होता. आमचं दार उघडं. गच्चीत गेलो तर दोरीवर माझा निळा शर्ट, धुऊन धुऊन पांढुरका झालेला, आणि शेजारी आईची इरकल. दोन्ही फडताळात राहून गेली होती. अप्पा साडीच्या चुण्या ओढून सरळ करत होते.

"अप्पा, हे काय?"

"चोरासाठी रे. धुणं दिसलं की वाटतं, घरात माणूस हाय." ते काठ नीट करत राहिले. "सुरुवात चोरासाठीच केली. आता मलाबी तसंच वाटतंय."

घर विकतोय, हे मी तिथंच सांगून टाकलं. मुलीचं शिक्षण, येणंजाणं जमत नाही, भिंतींना ओल, असं काहीबाही बोलत राहिलो. अप्पांनी कमरेच्या किल्ल्यांना हात घातला. सुतळीची गाठ त्यांना लवकर सुटेना. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. किल्ली माझ्या तळव्यावर ठेवली, आणि पुढचं गिऱ्हाईक आलं की घर मोकळं आहे असंच सांगीन, म्हणाले.

मग दोरीकडे गेले. साडी अजून दमट होती, तरी काठाला काठ जुळवून तिची घडी घातली आणि मला दिली.

"ही ने. आईची हाय."

मी शर्टाकडे हात नेला.

"त्यो राहू दे," अप्पा म्हणाले. "माझ्या दोरीवर घालीन. तिथं एकट्याचंच धुणं असतंय."