मोटरहोमचं सीमोल्लंघन

"अडीचच्या आत ही गाडी बडोद्याच्या हद्दीबाहेर गेली, तर ठेवा. नाहीतर उद्या भंगारात! मी माणूस बोलावून ठेवलाय," असं सांगून इंदिराबाई मागच्या पलंगावर, मागच्या काचेकडे तोंड करून बसल्या.

हंबीररावांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत हवालदार होते. तेव्हापासून घरातला पुरुष दसऱ्याला हद्द ओलांडल्याशिवाय जेवत नसे. यंदा तर हंबीररावांचं स्वतःचं मोटरहोम होतं! म्हणजे अठरा वर्षांची मिनीबस. रिफायनरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी तिच्यात पलंग, शेगडी आणि बेसिन बसवलं होतं. ब्रेक मारला की बेसिन शेगडीला भेटायला यायचं.

वासण्याहून निघताना अख्ख्या सोसायटीने धक्का दिला. पण एकदा सुटली ती थेट हरणीच्या पुढे! हद्द अर्ध्या किलोमीटरवर, हातात पंचवीस मिनिटं. हंबीररावांची छाती स्टिअरिंगला टेकली.

"अहो, थांबा! फाफड्याचं दुकान मागे गेलं. दसऱ्याला फाफडा-जलेबी नको?"

हंबीररावांनी गाडी दहा पावलं मागे घेतली, फाफडा घेतला आणि पहिला गिअर टाकायला गेले. दांडा हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तर वरची मूठ हातात आली. गाडी रिव्हर्समध्येच अडकली होती.

दुकानाला लागूनच गॅरेज होतं. मेकॅनिक हार्दिक कपाळाला टिळा लावून उभा. पाने, पक्कड, जॅक, सगळं लाल कापडावर झेंडूखाली मांडलेलं.

"बेटा, एक पाना फिरव ने!"

"काका, आजे दशेरा! ओजारोनी पूजा करी छे. हाथ न लगाडाय. काले आवो."

सकाळी पणजोबांच्या पुजलेल्या तलवारीला हात लावला म्हणून हंबीररावांनी स्वतःच धाकट्या भावाला झापलं होतं.

"हरलात म्हणा," मागून जलेबीचा घास घेत इंदिराबाई म्हणाल्या.

"आमच्या घराण्यात रणात पाठ दाखवत नाहीत!"

"मग गाडीची दाखवा. तेवढीच चालतेय."

हंबीररावांचे डोळे चमकले. खरंच की! शेजारच्या मैदानात त्यांनी उलटा वळसा घेतला, गाडीचं ढुंगण हद्दीकडे केलं आणि क्लच सोडला. आता रिव्हर्स टाकला की वाजणारी या गाडीची धून आरतीच्या चालीची होती, तीही लाउडस्पीकरवर. फाफड्याची अख्खी रांग टाळ्या वाजवत मागे लागली.

"उजवीकडे घ्या!" इंदिराबाई ओरडल्या. "तुमच्या नव्हे, माझ्या उजवीकडे! अहो म्हैस! म्हैस! हां, गेली. आता दाबा!"

सामानाची कपाटं एकेक करून उघडत होती. डाळ, तांदूळ, टूथपेस्ट, सगळं पुढे धावत येऊन हंबीररावांच्या पाठीवर आदळत होतं. चौकातल्या पोलिसाने शिट्टी तोंडात घातली, धून ऐकली, शिट्टी काढली आणि हात जोडले. मग त्यानेच दोन ट्रक अडवून मिरवणुकीला वाट करून दिली. कोणीतरी बॉनेटवर फुलं टाकली.

दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी हद्द ओलांडली. गाडी थांबली, आणि हंबीररावांना तिरक्या नजरेने समोरच्या काचेतून मोठ्ठा बोर्ड दिसला: वडोदरा आपनुं स्वागत करे छे.

"जिंकलो!" ते कण्हले. मान डाव्या खांद्यावर जी वळली होती ती सरळ होईना. "पण इंदिरा, आता बास. क्रेन बोलावू, घरी जाऊ, आणि... विकून टाकू कोणाला तरी."

त्याच वळलेल्या मानेने त्यांनी मागे पाहिलं. इंदिराबाई पदर खोचून, काच उघडून, अर्ध्या बाहेर वाकल्या होत्या. गाल लाल, केसांत झेंडू.

"खबरदार विकाल तर!" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मागे बसून नुसती तुमची टाळू बघत आले. आज पहिल्यांदा मला रस्ता दिसला. पावागड किती लांब हो इथून?"

"इंदिरा, माझी मान..."

"मानेचं काय काम? बघायला मी आहे. तो टँकर जाऊ द्या... हं! सोडा क्लच!"