रॉयल बारचा मारोती

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि नीलकंठरावांची संध्याकाळ धोक्यात आली. रस्ता रुंद होणार, आणि त्यात इंग्रजांच्या काळापासूनचा रॉयल बार जाणार! रेल्वेतून रिटायर झालेल्या माणसानं संध्याकाळी जायचं तरी कुठं? घरी? घरी विजयाताई आणि त्यांचं अख्खं महिला मंडळ.

“उद्या बुलडोझर येऊन राहिला, भाऊ,” बारचे मालक बाबाराव रडकुंडीला आले.

“रडता काहून? बुलडोझर कोणाले भितो, मले माहीत आहे!”

झालं. पहाटे नीलकंठरावांनी नालीतला एक गोटा धुतला, शेंदूर-तेल फासलं, चांदीच्या कागदाचे दोन डोळे चिकटवले आणि बारच्या पायरीला लागून मारोतीराय बसवून टाकले.

बुलडोझर आला. ड्रायव्हरनं खाली उतरून चपला काढल्या, हात जोडले. “मैं नइ टोरँव साहब, पाप लगही!” देवाचं ठाणं तोडायचं पाप घ्यायला तो काही तयार होईना. इंजिनिअरनं डोकं खाजवलं आणि रस्त्याची रेघ निमूटपणे समोरच्या बाजूला सरकवली. बार वाचला! त्या संध्याकाळी नीलकंठरावांना पैसे देऊ दिले नाहीत कोणी.

पण बुलडोझर अडवणारा देव म्हणजे काय साधी गोष्ट? शनिवारी नारळांचा ढीग पडला. पुढच्या आठवड्यात कोणी घंटा बांधली, कोणी टिनाचं छप्पर घातलं. गिऱ्हाइकं बिचारी आरती संपेपर्यंत ग्लास टेबलाखाली धरून उभी राहू लागली. आणि एक दिवस महिला मंडळ घेऊन साक्षात विजयाताई आल्या.

“अहो, देव पहिल्यांदा तुम्हालेच दिसला म्हणे! घरी बोलले नाही ते?”

“हव... म्हणजे, दिसला खरा,” नीलकंठराव पुटपुटले.

तिथल्या तिथं कमिटी झाली. ज्याला देव दिसला तोच अध्यक्ष! गळ्यात हार पडला, टाळ्या झाल्या. नीलकंठरावांची छाती फुगली. मग विजयाताई उठल्या.

“देवाच्या दारात दारू? शोभते का हे? बार बंद करा, हा पहिला ठराव. हात वर!”

मंडळाचे झाडून सगळे हात वर गेले. दारात बाबाराव थिजून उभे होते.

“अध्यक्षसाहेब, तुम्ही काहून थांबून राहिले?” विजयाताईंनी विचारलं.

नीलकंठरावांनी एकदा बाबारावांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि हात वर केला. ठराव एकमतानं पास झाला. अध्यक्षांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्यांची ही भक्ती पाहून सगळ्या मंडळाला गहिवरून आलं.