भूक नसलेल्यांचं बिरडं

मोकल स्वयंपाक शिकत होते तो दोनशे वर्षांनंतरच्या माणसांसाठी. असं ते स्वतःच सांगायचे, चेहऱ्यावर हसू न आणता.

रोह्याच्या एका रसायनांच्या कंपनीत आम्ही दोघं पॅनेलवर होतो. म्हणजे भिंतभर लावलेल्या काट्यांकडे बघत बसायचं आणि दर तासाला आकडे लिहायचे. मी रोह्यातच राहायचो, ते पेणहून एसटीने यायचे. नव्वद साल उलटल्यावर कंपनीत कॉम्प्युटर आला आणि आकडे आपले आपण छापून यायला लागले. आम्ही घाबरलो. मोकल खूश झाले.

त्यांना विज्ञानकथांचा नाद होता. त्यांचं म्हणणं असं, की आज यंत्र आकडे लिहितंय, उद्या भात लावील, परवा भिंतीतली कळ दाबली की गरम जेवण बाहेर येईल. कुणी उपाशी नाही, कुणाला शिफ्ट नाही. "मग माणूस दिवसभर करणार काय?" असं विचारून उत्तरही तेच द्यायचे. "रांधणार. हौसेनं. तवा शिकवायला कोण उरणार नाय, म्हणून मी आत्ताच लिहून ठेवतोय."

लिहायचे मात्र पॅनेलसारखंच. वाल कधी भिजवले, मोड कधी आले, आमसूल कधी पडलं, सगळ्याच्या वेळा वहीत. सोमवारी बिरड्याचा डबा यायचा आणि शिफ्टमधल्या आम्ही सगळ्यांनी मत द्यायचं. 'पोट भरलं' म्हणायला बंदी होती. त्या जमान्यात पोट भरलेलंच असणार, तेव्हा पोट सोडून बोला, असा आग्रह. एकदा डबल शिफ्ट करून मी अख्खा डबा संपवला आणि ढेकर दिली. मोकलांनी वहीत लिहिलं, 'अनंता भुकेला होता. मत धरू नये.'

पुढे कॉम्प्युटर वाढले, माणसं कमी झाली. आम्हा दोघांना एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्तीचा कागद मिळाला. स्वेच्छा कंपनीची होती.

मोकल पन्नाशी ओलांडलेले, मी चाळिशीचा. मी घराबाहेर पडेनासा झालो. शिफ्टच्या वेळेला जाग यायची, कपडे चढवून खुर्चीत बसून राहायचो. दोन घास खाल्ले की वाटायचं, हे फुकटचं खातोय, आणि ताट सारून उठायचो. माझी बायको सुनंदा समजावून समजावून थकली.

अशात एका सकाळी मोकल दारात उभे. पेणहून पिशवीत मोड आलेले वाल घेऊन. आता त्या दोनशे वर्षांनंतरच्या जमान्यावर भाषण होणार म्हणून मी मनातून वैतागलो. पण ते सरळ स्वयंपाकघरात गेले, परातीत कोमट पाणी घेतलं, वाल ओतले आणि परात बाहेर आणून माझ्यापुढे सरकवली.

"सोल."

मला भूक नाही, असं मी सांगितलं.

"मग बरोबर हाय," ते म्हणाले. "भूक नसलेल्या माणसाचंच काम हाय ह्ये."

आम्ही समोरासमोर बसून सोलत राहिलो. साल चिमटीत दाबली की दाणा सुटून निघतो. कधी तो परातीबाहेर उडतो आणि दोन मोठी माणसं खाटेखाली शोधायला लागतात. तासाभरात आम्ही कंपनीतल्या गोष्टी काढून हसत होतो. सुनंदा दोनदा दारात येऊन बघून गेली. नारळाच्या रसात वाल रटरटायला लागले तेव्हा, कित्येक दिवसांनी, भाकरी झाली का म्हणून मीच विचारलं.

पानं घेतली. मोकल सवयीने पळी घेऊन उभे राहिले. सुनंदाने त्यांच्या हातातली पळी काढून घेतली.

"बसा भावोजी. मी वाढते."

ते अवघडून बसले. तिने वाढलं, पहिली वाटी संपायच्या आत न विचारता पुन्हा वाढलं. मोकल ताटाकडे बघत राहिले. मीठ कमी पडलं का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली.

"चार वर्षं मला कोणी वाढलं नव्हतं रे," ते म्हणाले.

त्यांची बायको गेली तेव्हा स्मशानात मीही गेलो होतो. त्यानंतर चार वर्षं त्यांचा डबा खाल्ला. एकदा घरी जेवायला या, एवढं मात्र माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

सुनंदाने त्यांच्या ताटात भाकरी ठेवली आणि म्हणाली, बुधवारी सुकट करणार आहे, या.

मोकलांनी घास गिळला.

"किती वाजता येऊ?"