नावं घातलेली ताटं

परतूरच्या शाळेतल्या खरात बाईंइतकं ऋण माझ्यावर कुणाचंच नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो. दहावीच्या वर्षी त्यांनी मला स्वतःच्या घरी राहायला बोलावलं, तेव्हा अंगणातल्या दोरीवर दुधाच्या धुतलेल्या पिशव्या चिमटे लावून वाळत होत्या आणि बाईंची साडी बाजेवर पसरलेली होती. दोरीवर जागा नव्हती.

"पोट आन् उकिरडा एकाच घरचे असतेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य; म्हणजे काय खातो आणि काय फेकतो, दोन्हीकडे सारखंच बघायचं. वर्गात धडा चुंबकाचा असो की ग्रहणाचा, बाई तिथेच येऊन पोचत. घरी चहात साखर नाही, भाजीला तेल नावापुरतं, सकाळी शेवग्याच्या पाल्याचा रस. मी तोंड वाकडं केलं की म्हणत, "पी. जीभ दोन मिनिटं रडंल, बाकीचं अंग दुवा दील."

आता पुण्यात माझे सहकारी त्याच पाल्याची भुकटी प्लास्टिकच्या डबीतून घरपोच मागवतात. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "पाला बराबर हाय. डबी कुठं टाकतेत, ते विचार."

त्यांची खरी कीर्ती झाली ती घनसावंगीच्या एका लग्नात. जेवणं उरकल्यावर बाईंनी प्लास्टिकचे ग्लास वेचून पोतं भरलं आणि आहेराच्या टेबलावर नेऊन ठेवलं. नवरीच्या वडिलांना म्हणाल्या, "तुम्ही दिल्ते, तुम्हीच सांभाळा." त्यानंतर बाईंना पत्रिका येणं थांबलं. "चांगलंच झालं," त्या म्हणत, "तेवढं तेल वाचलं."

मग माझं लग्न ठरलं. दादा, म्हणजे माझे वडील, यादी करताना म्हणाले, "बाईला न्हाई द्यायची पत्रिका. सोयरे अंबडचे हायेत, घनसावंगीच्या शेजारचे. मांडवात पोतं आलं, तर तोंड कुठं लपवू?"

मी शिकलेला माणूस. यादीत पुढचं नाव लिहिलं. वापरून फेकायच्या ताटांचं तर आधीच ठरलं होतं.

पत्रिका न घेताच मी बाईंना भेटायला गेलो. बातमी त्यांना कळलेलीच होती. काही न विचारता त्यांनी कपाट उघडलं. आत वरपर्यंत स्टीलची ताटं. आहेराच्या भांड्यांवर घालतात तसं प्रत्येकावर नाव घातलेलं.

"दहावी पास झालेल्या दरेकाचं एक," बाई म्हणाल्या. "लग्नाला सगळी न्यायची, धुऊन आणून द्यायची. म्हणून जमवून राह्यले."

"किती लग्नांना गेली?"

"मागायला कुणी आल्तंच न्हाई."

त्यांनी माझ्या नावाचं ताट काढून दाखवलं. त्यावर धुळीचा कणही नव्हता. म्हणजे एकट्या राहणाऱ्या बाई ती सगळी ताटं घासून ठेवत होत्या. लग्नाची तारीख त्यांनी विचारली नाही. पाणी दिलं आणि म्हणाल्या, "नीघ मंग, बस जाईल."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हे पत्र पाठवलं.

"आदरणीय बाई,

काल तोंडानं जमलं नाही, म्हणून लिहितो. फेकायची ताटं मी रद्द केली. दादा माझ्याशी बोलत नाहीत, बोलतील. रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो, ताटांना आणि तुम्हाला न्यायला. धुवायला आपल्या वर्गातले सहा जण आहेत. त्यात एक तलाठी आहे, त्याला घासायचं कसं ते आधी शिकवावं लागेल. पत्रिका सोबत आहे. तुम्ही व्यवस्था बघायची नाही, पंगतीत बसायचं. आई म्हणते, बाईनं माझ्या लेकराला वर्षभर जेवू घातलं आन् मी तिला एकदाबी वाढलं न्हाई. या बाई. आईला वाढू द्या."