देवप्पाला देवमाणूस म्हणू नका

आमच्या भालकीच्या गल्लीत देवप्पाला शिवी दिली तर तो हसून सोडून देतो. ‘देवमाणूस’ म्हटलं की मात्र भांडायला उठतो.

मागे शेजारच्या रजियाबींची म्हैस नालीत अडकली होती. देवप्पानं दोरखंड आणला, गल्ली गोळा केली आणि स्वतः कमरेएवढ्या चिखलात उतरून म्हैस वर काढली. रजियाबी हात जोडून म्हणाल्या, “अल्ला भेज्या तुमना.”

चिखलानं माखलेला देवप्पा म्हणाला, “अल्ला नै भेज्या, बी. तुमे चिल्लाए, मैं सुन्या.”

म्हैस सोडून सगळे हसले.

देवप्पा सरकारी बसचा ड्रायव्हर होता. आयुष्यभर बीदर-भालकी-उदगीर केलं, पण गाडीत कधी देवाचा फोटो लावला नाही की लिंबू-मिरची बांधली नाही. नव्या प्रवाशांना धाकधूक वाटायची. कुणी विचारलंच तर म्हणायचा, “काच पुसलीय, ब्रेक बघितलाय. आणखी कुणाला बसवू म्होरं?” मग नाव देवप्पा कसं? तर म्हणे, “ठेवताना मला कोण इचारलं?”

मी त्याचा शेजारी. निवृत्त मास्तर, देवभक्त आणि बायकोच्या मते गरजेपेक्षा जास्त बोलका. माझी पूजा बराच वेळ चालते आणि मधे काहीही झालं तरी मी उठत नाही. देवप्पा खिडकीतून हाक मारतो, “गुरुजी, दूध उतू जायलंय.” मी डोळे मिटूनच हातानं खुणावतो. तो आत येतो, गॅस बंद करतो, ओटाही पुसतो. मी मोठ्या भक्तिभावानं पुढचा श्लोक म्हणतो.

संध्याकाळी दारापुढच्या ओट्यावर आमचा वाद ठरलेला.

“देवाची भीतीच नसेल तर माणूस चांगला कशाला वागेल?” मी विचारायचो.

“म्हंजी तुमी भीतीनं वागायलाव व्हय?” तो शांतपणे म्हणायचा.

मग मी आवाज वाढवायचो.

यंदा जनवाड्याच्या सप्ताहात रोज संध्याकाळी बोलायला मला बोलावलं. विषय मीच निवडला, ‘देव नाही तिथं चांगुलपणा नाही’. पण घरची अडचण होती. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी उदगीरला गेलेली आणि आई अंथरुणावर. तिची नजर केव्हाच गेली आहे. तिला एकटी कशी सोडायची?

“तुमी जावा,” देवप्पा म्हणाला. “मी बसतो मायजवळ.”

म्हणजे देव न मानणाऱ्याच्या हाती आईला सोपवून मी देव न मानणाऱ्यांची खरडपट्टी काढायला गेलो. यातली गंमत तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. माझ्या लक्षात गोष्टी साधारणपणे टाळ्या संपल्यावर येतात. आणि टाळ्या भरपूर पडत होत्या. उदाहरण म्हणून मी ‘माझा एक शेजारी’ रोज घ्यायचो. त्याचं नाव देवप्पा आहे म्हटलं की मंडप हसायचा. मी आणखी खुलायचो.

एके दिवशी वाऱ्यानं मंडप कलला आणि कार्यक्रम रद्द झाला. दिवेलागणीलाच मी घरी पोचलो. दारातच थबकलो. आतून आरतीचा आवाज येत होता, आणि तो बसच्या हॉर्नसारखा होता.

मी डोकावून पाहिलं. आई उशीला टेकून बसली होती आणि हळूहळू टाळ्या वाजवत होती. देवप्पा तबक घेऊन उभा होता. मधे कुठे अडला की आई शब्द सांगायची आणि तो पुढे सुटायचा. आरती संपल्यावर तो तिच्याजवळ बसला. तिला ज्योत दिसत नाही, म्हणून त्यानं तिचा हात धरून निरांजनाच्या उबेवर नेला आणि तसाच तिच्या डोळ्यांना लावला. आईचा चेहरा एकदम निवला. मी इतकी वर्षं तिच्यासमोर तबक फिरवत आलो. तिला ते दिसत नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

पण माझा स्वभाव. तो बाहेर ओट्यावर येताच मी म्हणालो, “सापडलात, अण्णा. शेवटी मानलात की देवाला.”

“न्हाई मानलो.”

“मग आरती कामून?”

“मायला पायजे होती.”

“आणि येते कशी तुम्हाला?”

तो पायरीवर बसला. “माझी माय रोज म्हणायची. ऐकून ऐकून ऱ्हायली डोक्यात.” मग म्हणाला, “ती जायच्या आदल्या सांजेला मला म्हणली, देवप्पा, एक डाव आरती म्हण. मी म्हणलो, देव न्हाईच तर म्हणू कुणाला? तिला लई समजावून सांगितलो. सगळे मुद्दे सांगितलो. मंग ती गप बसली.”



“त्या वादात मीच जिंकलो, गुरुजी,” तो म्हणाला.

मी पायरीवर त्याच्या शेजारी टेकलो.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. “देवप्पा, उद्या जरा दमानं म्हण रे. नुसतं पळवायलास.”

“व्हय, माय,” तो म्हणाला आणि उठला.

त्याच्या चपला पायरीवर समोरच होत्या. तरी तो खाली वाकून त्या बराच वेळ शोधत राहिला.