डॅफ्नीची निळी फीत

"गाईला त्या डॅफ्नीचं नाव ठेवलंस, आणि मला जन्मभर नुसती नावं ठेवलीस! आता भोग!" नोरीनने नवऱ्याला सुनावलं.

डेस गाईची शेपटी विंचरत राहिला. विराबुलच्या कृषी प्रदर्शनात त्याची थकत चाललेली गाय यंदा शेवटची उतरणार होती. आज पहिल्या नंबराची निळी फीत मिळाली नाही, तर कधीच नाही. आणि नेमकी यंदाच ती फीत बांधायला सिडनीहून येत होती खुद्द सिनेनटी डॅफ्नी कॉरिगन!

डॅफ्नी गावच्या लोणी कारखान्यातल्या मुकादमाची मुलगी. शाळेत डेसच्या पुढच्याच बाकावर बसायची. मग सिनेमात गेली. तरुणपणी पहिल्या अर्ध्या तासात मरायची, पुढे नायकाची आई झाली, मग नायिकेची सासू. नवरे तीन झाले, बक्षीस एकही नाही.

डेस धावत कर्ण्यावरून नावं पुकारणाऱ्या बॅरीकडे गेला.

"बॅरी, गाईचं नाव घेऊ नकोस रे. नुसतं 'डेसची गाय' म्हण."

"नोंदलेलं नाव पुकारलं नाही तर गाय बाद. नियम आहे, बाबा."

"मग हळू तरी बोल!"

"कर्ण्यात?"

तेवढ्यात बाईंची मोटार फाटकातून आत शिरली आणि कर्णा गरजला, "मैदानात येतेय डॅफ्नी कॉरिगन! वय झालंय, पण चाल बघा! दात शाबूत. कधीकधी लाथ मारते. आजवर वळू तीन..."

डेसने टोपी डोळ्यांवर ओढली. बाई उतरल्या, काळा चष्मा काढून त्यांनी गाईला खुरांपासून शिंगांपर्यंत न्याहाळलं.

"डेस, हे तुझं काम?"

"प्रेमानं ठेवलं गं. कळपात सगळ्यात देखणी हीच."

"आणि तीन वळू?"

"तो आपला योगायोग."

परीक्षकांनी गाईच्या पाठीवर थाप मारली. बॅरी ओरडला, "पहिलं बक्षीस, डॅफ्नी कॉरिगन!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. बाईंनी फीत गाईच्या गळ्याशी नेली, थबकल्या, आणि स्वतःच्याच छातीवर लावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ते खरं की सिनेमातलं, हे गाईलाही कळलं नाही. फोटो निघाले. बाई गेल्या, फीतही गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक बातमी: 'डॅफ्नी कॉरिगन यांना अखेर पहिलं बक्षीस!'

आठवड्याने फोन खणखणला. "डेस, मोठं काम मिळालं! मुख्य भूमिका! विचारत होते, बक्षीस कशाबद्दल? म्हटलं, गावाकडच्या भूमिकेबद्दल."

"छान झालं. पण फीत गाईची आहे, डॅफ्नी. तिची शेवटची संधी होती गं!"

"माझीसुद्धा," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

"कोण होतं रे?" नोरीनने आतून विचारलं.

डेस गोठ्याकडे बघत म्हणाला, "डॅफ्नी. लाथ मारली."